राउमाला तू नव्हतास

स्कोफिल्ड्स, ११ मे २०२५

नचिकेत,

तुझा पत्ता आईकडून घेतला. तिनं तो लगेच दिला नाही, आठवडाभर विचार केला. माझा नंबर तू ब्लॉक केलायस आणि ईमेल उघडत नाहीस, तेव्हा कागद उरला. मराठीत लिहितोय, कारण माझं इंग्रजी ऑफिसच्या मेलसारखं असतं असं तू एकदा म्हणाला होतास. चौथीपर्यंत तू पुण्याच्या शाळेत होतास, म्हणजे वाचता येईल. घाई नाही.

कामाचं आधी. आम्ही एक जूनला फिनलंडला येतोय. किनाऱ्यावरची जुनी लाकडी गावं बघायला जातोय, असं आई सगळ्यांना सांगते. मीही तेच सांगतो. आधी पोर्वो, मग तम्मिसारी, मग राउमा. प्लॅन तिचा आहे. मी म्हटलं, इतक्या लांब जाऊन लाकडी घरंच बघायची तर इथल्या ब्लू माउंटन्सला जाऊ. ती म्हणाली, "तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. मी तिकीट काढलंय." मग मीही काढलं.

तू राउमाला राहतोस हे मला माहीत आहे. भेटच असा माझा आग्रह नाही. आमच्या तारखा तुला कळाव्यात म्हणून लिहितोय.

दोन गोष्टी नोंदवून ठेवतो, कारण तुझ्याकडे त्या वेगळ्या पोचल्या असतील. पहिली, तुझ्या ॲक्सिडेंटची. तू बांधकामाच्या साइटवर पडलास, मनगट मोडलं, आणि मी दोन दिवस हॉस्पिटलमध्ये आलो नाही. त्या आठवड्यात ऑफिसात माझं सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. दुसरी, तुझ्या हत्यारांची पेटी. आठवड्यात नेतो म्हणालास आणि तीन आठवडे आला नाहीस. काउन्सिलची जुनं सामान उचलणारी गाडी येणार होती, तेव्हा मी ती बाहेर ठेवली. तारखा तपासून बघ.

तुझ्या खोलीत आता ट्रेडमिल आहे. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे.

बाबा

*

पोर्वो, ३ जून

नचिकेत,

इथे दोन दिवस आहोत. हवा आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या जूनसारखीच, बारा-तेरा डिग्री. इथे याला उन्हाळा म्हणतात.

नदीच्या काठाला लाल रंगाची लाकडी गोदामं आहेत, एकाला एक लागून. वर टेकडीवर चर्च, मध्ये दगडगोट्यांचे रस्ते. आईची चप्पल दोनदा अडकली. गाईड म्हणाली, अडीचशे वर्षांपूर्वी कुणा बाईच्या चुलीवरून आग लागली आणि बहुतेक गाव गेलं. मग लोकांनी त्याच वाकड्यातिकड्या गल्ल्यांवर पुन्हा लाकडाचंच गाव बांधलं. मी विचारलं, दगडाचं का नाही बांधलं? ती म्हणाली, त्यांना लाकूडच येत होतं.

टूरमध्ये मेलबर्नचं एक मराठी जोडपं निघालं. यतिन आणि कौमुदी, टार्निटला राहतात. दोघंही आयटीत. कॉफी पिताना यतिननं विचारलं, "तुमची मुलं?" मी म्हटलं, "एकच मुलगा. इथेच फिनलंडमध्ये मास्टर्स करतोय." कौमुदी म्हणाली, "अरे वा, कशात?" मी म्हटलं, "सिव्हिल." आई कप ठेवून बाहेर गेली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तुझं मास्टर्स मी ठरवून काढलेलं नाही. तू गेल्यावर आपल्या ग्रुपमधल्या संजीवनं विचारलं, "नचिकेत कुठे असतो हल्ली?" तोंडातून ते निघून गेलं. नंतर बदलायची सोय राहिली नाही. गेल्या वर्षी पद्मावहिनींनी थीसिसचा विषय विचारला, तोही मी सांगितला.

रात्री आई एवढंच म्हणाली, "तो यूनि सोडून साइटवर जायला लागला, ते त्यानं वर्षभर आपल्यापासून लपवलं. म्हणून तू त्याला घराबाहेर जा म्हणालास. तुझ्या लपवण्याला आता चौथं वर्ष लागेल."

बाबा

*

तम्मिसारी, ५ जून

नचिकेत,

हे गाव लहान आहे, समुद्राला टेकलेलं. घरं बैठी, पिवळी, पांढरी, फिकट निळी. तुला माहीत असेलच. जुन्या भागात गल्ल्यांना कारागिरांची नावं आहेत. टोप्या करणाऱ्यांची गल्ली, हातमोजे शिवणाऱ्यांची, तागाचं कापड विणणाऱ्यांची. आई म्हणाली, "आपल्या तांबट आळीसारखं." आम्ही बराच वेळ हिंडलो. सुताराच्या नावाची गल्ली आम्हाला सापडली नाही. असली तरी मला ती शोधायची नव्हती.

तुझे आजोबा फर्निचरच्या धंद्यात होते असं मी तुला सांगत आलो. ते तसं नव्हतं. ते सुतार होते. दुकान नव्हतं, नावाची पाटी नव्हती. कॉन्ट्रॅक्टर जिथे बोलवेल तिथे जायचे, स्लॅबचं सेंट्रिंग ठोकायचे. पावसाळ्यात काम थांबलं की लोकांचे पाट आणि पोळपाट करून द्यायचे. पुढे एका वखारीत मशीनवर लागले आणि तिथे त्यांची डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते वारले.

आईला हे माहीत आहे. तुला सांगू नकोस असं मीच तिला म्हटलं होतं. त्यात लाज होती की नाही, मला नक्की सांगता येत नाही. मला वाटायचं, एका घरातून एकदा जे बाहेर पडलं ते पुन्हा आत कशाला आणायचं. मग एका रविवारी तू किचनमध्ये उभा राहून म्हणालास, "आय वॉन्ट टु बी अ चिपी, बाबा." तिकडे सुताराला चिपी म्हणतात हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. तू ते सांगितलंस तेव्हा हसत होतास.

परवा आम्ही राउमाला पोचतो.

बाबा

*

राउमा, ८ जून, रविवार

नचिकेत,

काल दुपारी बसनं आलो. स्टॅंडवर तुझ्याऐवजी साठीच्या एक बाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी रीत्ता. नचिकेत माझ्याकडे काम करतो." तुला कोक्कोला गावी एका जुन्या घराचं काम निघालं आणि तू गुरुवारी तिकडे गेलास, असं त्यांनी सांगितलं. काम निघालं की तू काढलंस, हे मी त्यांना विचारलं नाही.

त्यांनी तुझ्या खोलीची किल्ली दिली. अंगणाच्या मागच्या बाजूची, ठेंगणी, कधीकाळी तबेला असलेली खोली. पलंगावर धुतलेल्या चादरी होत्या. फ्रीजवर चिठ्ठी होती, इंग्रजीत: आई, डाळ आहे, तांदूळ वरच्या कपाटात. हीटरचं बटन उलटं आहे. आणि खाली बसचं वेळापत्रक, राउमा ते कोक्कोला, रविवारच्या बसभोवती पेनानं गोल काढलेला. चिठ्ठी आईलाच होती. तरी मी ती दोनदा वाचली.

आई म्हणाली, "मी जाऊन येते. गुरुवारी परत येईन."

मी म्हटलं, "मी येऊ का?"

तिनं बॅगेची चेन लावली. "त्यानं मला फोन केला होता. फक्त आई, असं म्हणाला."

म्हणजे तुमचं बोलणं होतं. मला वाटायचं, ती फक्त ईमेल पाठवते. दर रविवारी ती बागेत फोन घेऊन जाते, मला वाटायचं तिची पुण्याची बहीण असेल.

आज सकाळी तिला बसमध्ये बसवलं. येताना तुझं गाव पाहिलं. सहाशे लाकडी घरं आणि त्यात माणसं राहतात, सायकली लावतात, कुत्री फिरवतात. हे मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं, म्युझियम असेल. काही खिडक्यांना बाहेरून छोटे आरसे लावलेले आहेत. आत खुर्चीत बसून रस्त्यावर कोण येतंय-जातंय ते बघायला. एका म्हातारीनं मला त्या आरशातून पाहिलं आणि मान हलवली. मीही हलवली. दिवसभरात तेवढंच झालं.

बाबा

*

राउमा, ११ जून

नचिकेत,

सोमवारी रीत्ताबाईंनी दार वाजवलं. म्हणाल्या, "बसून राहण्यापेक्षा चला, तुमच्या मुलाचं काम दाखवते."

ते कोपऱ्यावरचं पिवळं घर. तू त्याचे खालचे ओंडके बदललेस. अख्खं घर जॅकवर चार बोटं उचललं, कुजलेले ओंडके काढले, नवे बसवले, सांदीत ताग भरला आणि घर परत खाली घेतलं. आतल्या भिंतीवरची जुनी कागदी वेलबुट्टी फाटली नाही, हे त्यांनी मला हात लावून दाखवलं. मी जोड शोधत होतो. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आयुष्य गेलं, दुसरं काय करणार. एका ठिकाणी तीन-चार मिलिमीटरचा फरक आहे, रस्त्याकडच्या बाजूला. बाकी काही सापडलं नाही.

मंगळवारी त्यांनी मला खिडक्यांच्या चौकटी खरवडायला दिल्या. आधी नाही म्हटलं, मग घेतल्या. दुपारी त्यांची पटाशी बोथट झाली तेव्हा मी दगड मागितला आणि धार लावून दिली. हात आपोआप फिरला. शेवटची धार कधी लावली होती ते आठवत नाही, बहुतेक अकरावीत. त्यांनी नखावर धार पाहिली. "कुठे शिकलात?" मी म्हटलं, "माझे वडील सुतार होते." त्या म्हणाल्या, "हं," आणि पुढच्या चौकटीला लागल्या. इतकंच. हे वाक्य एवढी वर्षं मी टाळलं आणि ऐकणाऱ्या बाईला त्यात काहीच विशेष वाटलं नाही.

आज त्यांनी गोल करवतीच्या मशीनवर लांब फळी चढवली आणि मला म्हणाल्या, "दुसरं टोक धरा." मला धरता आलं नाही. मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. त्यांनी स्टॅंड लावला आणि फळी एकटीनं कापली.

त्यांना सांगितलं नाही ते तुला सांगतो. आजोबांची बोटं गेली तेव्हा फळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. शाळा सुटल्यावर मी वखारीत डबा घेऊन गेलो होतो, दुसरा माणूस आला नव्हता, म्हणून त्यांनी मला उभं केलं. फळी मध्येच अडकली. मी ओढली, की ढकलली, की नुसता भलतीकडे बघत होतो, मला आजही माहीत नाही. फळी उडाली आणि त्यांचा हात आत गेला. त्यांनी ओरडून मला मागे हो म्हटलं. रक्त थांबवायला स्वतःचं मुंडासं बांधलं. दुसऱ्या दिवशी हाताला बॅंडेज बांधून ते घरी आले. मी दारातच उभा होतो. म्हणाले, "तू अभ्यासाला बस." त्यानंतर या विषयावर ते कधी बोलले नाहीत. मी अभ्यासाला बसलो.

हे आईलाही माहीत नाही.

आणि रिलीज नव्हतं. तुझ्या ॲक्सिडेंटच्या आठवड्यात माझं कुठलंच रिलीज नव्हतं. दोन्ही दिवस मी हॉस्पिटलच्या पार्किंगपर्यंत आलो. पहिल्या दिवशी दीड तास गाडीत बसलो, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. मग पेंडल हिलला जाऊन स्टेशनजवळच्या दुकानातून उगाच भाजी घेतली आणि घरी गेलो. मला तुझा हात बघायचा नव्हता. तिसऱ्या दिवशी वर आलो तेव्हा तू तोंड फिरवलंस, आणि मी काय म्हणालो ते तुला आठवतंच. "मजुरी करणाऱ्याचं असंच होतं." ते वाक्य मी दोन दिवस गाडीत बसून तयार केलं नव्हतं. दुसरं काहीतरी तयार केलं होतं. काय, ते आता आठवत नाही.

हत्यारांचंही तेच. तारखा बरोबर आहेत. पण गाडीवाले यायच्या आधी मी स्वतः पेटी उघडून पाहिली होती. प्रत्येक पात्याला तू तेल लावून ठेवलं होतंस. ते पाहूनही मी पेटी बाहेर ठेवली.

उद्या आई येईल. हे पत्र पोस्टात टाकतो, खोलीत ठेवून जात नाही. खोली तुझी आहे.

बाबा

*

स्कोफिल्ड्स, ६ जुलै

नचिकेत,

परत येऊन तीन आठवडे झाले. आई कोक्कोलाचं फारसं सांगत नाही. तू बरा दिसतोस, दाढी वाढवलीस, थंडीत मनगट दुखतं, नेरिस्तान या तिथल्या जुन्या भागातल्या लाकडी गल्ल्या तू तिला पायी हिंडून दाखवल्यास, इतकं कळलं. तू माझ्याबद्दल काही विचारलं का, असं मी विमानात विचारलं. ती म्हणाली, "चार दिवस नाही. शेवटी बसस्टॉपवर विचारलं, बाबांना थंडी वाजली नाही ना खोलीत."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मला काय माहीत? मी तर तुझ्याकडे होते."

वाजली नाही. बटन उलटं आहे हे चिठ्ठीत होतंच.

विमानातच मी आईला वखारीतलं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "लग्नाला एकतीस वर्षं झाली, रवी." जेवणाचा ट्रे आला, तिनं माझं दही स्वतःकडे घेतलं आणि तिचा केक मला दिला, नेहमीसारखं.

काल संजीवकडे जेवायला होतो. आठ-दहा जण होते, तू ओळखतोस सगळ्यांना. वाढून झाल्यावर संजीवनं विचारलं, "मग, भेटला का चिरंजीव? मास्टर्स संपत आलं असेल."

मी म्हटलं, "मास्टर्स नव्हतंच. तो सुतार आहे. राउमा नावाच्या गावात जुनी लाकडी घरं दुरुस्त करतो."

पद्मावहिनी म्हणाल्या, "पण तुम्ही तर थीसिसचा विषय..."

"खोटं सांगत होतो, वहिनी."

आई ताटाकडे बघत होती. संजीव म्हणाला, "इकडे कधी येणार आहे का तो? आमचं मागचं लाकडी डेक सडलंय रे. तीन ट्रेडी कारागिरांना फोन केले, एकही उचलत नाही. उचललाच तर 'नो वरीज मेट, थर्सडे' म्हणतात, आणि कुठला थर्सडे ते सांगत नाहीत." मग सगळे आपापल्या डेकवर बोलायला लागले. तुझ्याबद्दल अजून दोन प्रश्न आले, दोन्ही व्हिसाचे. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार लवकर संपलं.

घरी येताना आई म्हणाली, "आजोबांचं नाही सांगितलंस."

नाही सांगितलं. ते राहिलं.

बाबा

*

स्कोफिल्ड्स, १७ ऑगस्ट, रविवार

नचिकेत,

तुझा फोन आला त्याला दोन तास झाले. काही गोष्टी लिहून ठेवणं बरं.

फोन आईचा होता. टेबलावर वाजत होता, स्क्रीनवर तुझं नाव होतं, मी उचलला. तू म्हणालास, "आई?" मी म्हटलं, "बाबा." तू ठेवला नाहीस. मागे कुठेतरी पाणी उकळत होतं.

मग तू म्हणालास, "पत्रं वाचली. वेळ लागला. जोडाक्षरं विसरलोय."

मी म्हटलं, "बरं."

"ती फळी. मशीनला ब्लेडच्या मागे पाचर होती का? बारीक, लोखंडी?"

मी म्हटलं, वखारीतलं जुनं मशीन होतं, नुसतं पातं होतं आणि वर टेबल.

तू म्हणालास, "लाकडात ताण असतो, बाबा. कापत गेलं की चीर मागून मिटत येते आणि पातं पकडते. मग ते फळी फेकतं. पाचर ते होऊ देत नाही. ती नसेल तर तिकडच्या टोकाला कोणीही असो, इट किक्स. मी असतो तरी. रीत्ता असती तरी."



"इट वॉजन्ट यू," तू म्हणालास. "आणि चौदा वर्षांच्या मुलाला तिथे उभं करायचंच नसतं. आजोबांना हे माहीत असणार. सुताराला माहीत असतं."

इतकी वर्षं मला वाटत आलं की ते माझ्याकडे बघून गप्प राहायचे. ते स्वतःकडे बघून गप्प राहत असतील, हे मला सुचलं नव्हतं. तुला हे मी फोनवर सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "तिकडे थंडी सुरू झाली का?" तू म्हणालास, "ऑगस्ट आहे, बाबा." मग मी त्या पिवळ्या घराच्या जोडाचं काढलं, रस्त्याकडचे तीन-चार मिलिमीटर. तू म्हणालास, "माहितीये. ते मुद्दाम आहे. लाकूड बसतं, जागा लागते." मला ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बरं." त्याचं मी अजून काहीतरी विचारलं आणि तू सांगितलंस, समजावून, तू शाळेत असताना मी तुला गणित समजावायचो त्यापेक्षा पुष्कळ शांतपणे.

मग तू विचारलंस, "आई आहे का?"

मी म्हटलं, "नाही, बाहेर गेलीये. तासाभरात येईल." आणि तू ओके म्हणालास, आणि अजून थोडा वेळ थांबलास. आधी माझ्या पाठीचं विचारलंस, मग संजीवच्या डेकचं. एकूण अकरा मिनिटं झाली.

आई घरातच होती. मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होती. मला खिडकीतून दिसत होती. मी तिला हाक मारली नाही.

बाबा